हीटर प्लगचा दिवा, सकाळचा पांढरा धूर आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचा क्लेम

निफाडकर

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी डिझेल, बीएस६, छोटी एसयूव्ही, पाचवं वर्ष चालू. मूळ वॉरंटी संपलीय, पण गाडी घेतानाच पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी अजून शिल्लक आहे. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपला आणि वेळेवर झाल्यात. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम देत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, प्रश्न सोडवायचा आहे.

आमच्याकडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. रात्रभर शेडमध्ये उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर लगेच उचलत नाही. उचलली की थरथरते, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. जरा गरम झाली की एकदम गुणी. दुपारी तर एका सेल्फमध्ये चालू. आता डॅशबोर्डवरचा हीटर प्लगचा वेटोळ्याचा पिवळा दिवा जाता जात नाही आणि जोडीला इंजिनचा दिवाही लागलाय.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. ॲडव्हायझर म्हणाला, तीन नंबरचा हीटर प्लग (म्हणजेच ग्लो प्लग) गेलाय, चारही बदलावे लागतील. वॉरंटीचं विचारलं तर, "हीटर प्लग कंझ्युमेबलमध्ये येतो सर, क्लेम बसणार नाही." इस्टिमेट पाच आकडी. त्यात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ आहे : प्लग काढताना तुटल्यास हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवण्याचा खर्च ग्राहकाने करावा. प्लगच्या किमतीचं एक वेळ चालेल, पण या ओळीनं माझी झोप उडाली आहे.

कुणाचा असा क्लेम पास झालाय का? आणि ती ओळ मान्य करून सही करायची का?


गॅरेजदादा

निफाडकर, सही अजिबात करू नका आणि प्लगलाही कुणाला हात लावू देऊ नका. आधी मला सांगा, स्कॅनरवर कोड कोणता आला? "प्लग गेलाय" हा कोड नसतो, तो ॲडव्हायझरने काढलेला अर्थ असतो.

पी ०६७१ ते पी ०६७४ हे कोड अनुक्रमे एक ते चार नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या सर्किटचे. सर्किट हा शब्द नीट लक्षात घ्या. त्यात प्लग आला, त्याची वायर आली, कनेक्टर आला आणि करंट सोडणारं कंट्रोल युनिटही आलं. पी ०६७० हा कंट्रोल युनिटच्या सर्किटचा. पी ०६८३ म्हणजे कंट्रोल युनिट आणि इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांचं बोलणं तुटलंय. कोड नुसता सांगतो की या रस्त्यावर कुठेतरी खड्डा आहे. खड्डा नेमका कुठे, ते मीटर लावूनच कळतं.

ज्यांना हे काय प्रकरण आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात, गरम इंजिनात सातशे अंशांच्या वर, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंजिन थंड असेल तर ती उष्णता हेड आणि सिलिंडरचं लोखंड-ॲल्युमिनियम शोषून घेतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर डोकावत असतो. जुन्या प्री-चेंबरच्या इंजिनांचा हा जीवच होता. १९९८ ची इंडिका ज्यांनी चालवली आहे त्यांना किल्ली अर्धी फिरवून दिवा विझायची वाट पाहणं आठवत असेल. आताच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत जातं, त्यामुळे साध्या थंडीत ती प्लगशिवायही चालू होतात. पण इथे एक गोम आहे. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी नवीन इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, खाली आणलाय. इंडिकाचा २२ च्या घरात होता, आताच्या बऱ्याच इंजिनांचा १६ च्या आसपास. म्हणून प्लगचं काम आता चालू करण्यापुरतं राहिलेलं नाही. इंजिन चालू झाल्यावरही दोन-तीन मिनिटं प्लग तापत राहतो, त्याने धूर आणि खडखड कमी होते. तुमचा पांढरा धूर म्हणजे एका सिलिंडरमधलं न जळलेलं डिझेल.

तर कोड टाका आणि बॅटरी किती जुनी आहे तेही सांगा. चारपैकी एक प्लग गेल्याने गाडी थरथरेल, धूर टाकेल, पण उचलायलाच त्रास देत असेल तर बॅटरीही बघायला हवी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली बसत असेल तर दोष आधी तिथे शोधा.


खाडीपलीकडे

गॅरेजदादा, मी ठाण्यात राहतो. माझ्या गाडीत तो वेटोळ्याचा दिवा किल्ली फिरवल्यावर जेमतेम दिसतो न दिसतो तोच विझतो. म्हणजे माझे प्लग चांगले आहेत असं समजू का?


गॅरेजदादा

नाही. ठाण्या-मुंबईच्या हवेत ईसीयू कुलंटचं तापमान बघतो आणि प्लगला कामच देत नाही, किंवा नावापुरतं देतो. दोन प्लग मेलेले असले तरी तुम्हाला कळणार नाही. डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला मुक्काम केला की सकाळी कळेल. नवीन गाड्यांत ईसीयू स्वतः सर्किट तपासतो म्हणून दिवा तरी लागतो. जुन्या रिलेवाल्या गाड्यांत तेही नाही. तुमची वॉरंटी उन्हाळ्या-पावसाळ्यात संपत असेल तर त्याआधीच्या सर्व्हिसला स्कॅन करून प्रिंट मागून घ्या. समुद्रकाठच्या माणसाचा हा दोष बहुतेक वेळा वॉरंटी संपल्यावरच बाहेर येतो.


निफाडकर

वर्कशॉपला फोन केला. कोड दोन आहेत : पी ०६७३ आणि पी ०६७०. बॅटरी गेल्या वर्षी नवीन टाकलीय.

आणि वॉरंटीची पुस्तिका काल नीट वाचून काढली. वगळलेल्या भागांच्या यादीत फिल्टर, वायपर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बल्ब, फ्यूज आणि "स्पार्क प्लग / ग्लो प्लग" असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ॲडव्हायझर खोटं बोलला नाही. पण समाविष्ट भागांच्या यादीत "इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, रिले व सेन्सर" हेही आहे.


गॅरेजदादा

दोन्ही कोड एकत्र आले म्हणजे माझा पहिला संशय कंट्रोल युनिटवर. त्यात प्रत्येक प्लगसाठी वेगळा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. त्यातला एक जळला तर ईसीयूला दिसतं एवढंच की तीन नंबरवर करंट जात नाही. प्लग बिचारा ठणठणीत असतो आणि पी ०६७३ त्याच्या नावावर लागतो. असे कितीतरी चांगले प्लग काढून फेकलेले मी पाहिलेत. नवीन टाकूनही दिवा जात नाही, मग म्हणतात आता युनिटही बदलू.

तपासणी सोपी आहे, प्लग काढावाही लागत नाही. इंजिन थंड असताना चारही प्लगचे कनेक्टर काढायचे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या शेंड्यावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स बघा आणि तो वजा करा, कारण आकडा मुळातच एका ओहमच्या आसपास किंवा खाली असतो. आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एक अनंत दाखवत असेल तर तो प्लग गेला. चारही सारखे असतील तर कनेक्टर परत बसवून स्कॅनरवरून प्लग चालू करायला लावा आणि एकेका वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर अडकवा. ज्या वायरीत करंट नाही तिची फक्त सलगता तपासायची. वायर चांगली आहे आणि करंट येत नाही, म्हणजे युनिट गेलं.

एक मात्र कुणाला करू देऊ नका. जुने फिटर प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघतात. जुन्या ११-१२ व्होल्टच्या प्लगला ते चालायचं. आताचे प्लग साडेचार, पाच, सात व्होल्टचे असतात आणि दोन-तीन सेकंदांत हजार अंशांच्या आसपास जातात. युनिट त्यांना तुकड्या-तुकड्यांत करंट देतं. थेट १२ व्होल्ट लावले की चांगला प्लग तिथेच जळतो, आणि मग वर्कशॉप म्हणणार, बघा, प्लगच गेला होता.


कृष्णाकाठ

मी साताऱ्यात ग्राहक आयोगासमोर वकिली करते. गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण कागदातलं कळतं. निफाडकर, तुमचं प्रकरण पुस्तिकेतल्या त्या दोन ओळींमध्ये अडकलंय. ग्लो प्लग वगळलेला आहे, कंट्रोल युनिट समाविष्ट आहे. बिघाड कशात आहे हे कुणी, कधी आणि कशावरून ठरवलं, यावर पुढचं सगळं अवलंबून राहील. म्हणून काही गोष्टी सांगते.

गाडी बाहेरच्या गॅरेजला उघडू नका, अगदी नुसता मीटर लावण्यासाठीसुद्धा नको. "अनधिकृत ठिकाणी छेडछाड" हे कारण प्रत्येक वॉरंटीच्या अटींत असतं आणि ते तुम्ही स्वतःहून त्यांच्या हातात देऊ नये. गॅरेजदादांनी सांगितलेली तपासणी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, तुमच्या समोर करायला सांगा. ईमेलने सांगा.

जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "हीटर प्लग बदलणे" असं लिहिलेल्या जॉब कार्डवर सही केलीत की तुम्हीच ते काम मागितलंत असा अर्थ निघतो. "सकाळी सुरू होण्यास त्रास, पांढरा धूर, दिवा चालू, कारण शोधावे" असं लिहा आणि खाली दोन्ही कोड. फोटो काढून ठेवा.

क्लेम नाकारायचा असेल तर लेखी नाकारा आणि कोणत्या कलमाखाली ते लिहा, अशी मागणी करा. काउंटरवर "बसणार नाही सर" म्हणणारा माणूस लेखी द्यायची वेळ आली की कित्येकदा आधी वरच्या ऑफिसला विचारतो, आणि तिथून वेगळं उत्तर येतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

हेड उतरवण्याच्या खर्चाच्या ओळीबद्दल : सहीच करायची वेळ आली तर त्या ओळीपुढे "मान्य नाही" असं हाताने लिहून सही करा. काम करणाऱ्याने योग्य कौशल्य आणि काळजी घेणं हा सेवेचाच भाग आहे. छापील ओळीमुळे हलगर्जीपणा माफ होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी याची व्याख्या बरीच व्यापक आहे; हलगर्जीपणा तिच्यात येतो आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं.


कोकणस्थ डिझेल

हे प्लग तुटतात म्हणजे नेमकं काय होतं? स्क्रूसारखे उघडून येत नाहीत का? माझी जुनी स्विफ्ट आहे, मल्टिजेट. प्लग कधीच बदललेले नाहीत.


गॅरेजदादा

कोकणस्थ, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचं खरं नुकसान इथे होतं.

प्लग लांब आणि बारीक. आटे वरच्या बाजूला आणि खाली लांबलचक दांडा. दांडा आणि हेडच्या भोकामध्ये कागद जाईल एवढीच फट. वर्षानुवर्षं ज्वलनाचा कार्बन त्या फटीत जाऊन बसतो आणि दगड होतो. आटे सुटले तरी दांडा सुटत नाही. त्यात फिटर घाईत असला, इंजिन थंड असलं आणि हातात लांब पाना असला की कट्कन आवाज येतो. वरचा षट्कोनी भाग हातात, बाकीचा हेडमध्ये. कधी नुसतं टोक तुटून सिलिंडरमध्ये पडतं. ते न काढता इंजिन फिरवलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही गेले.

रीतसर काम असं असतं. आदल्या दिवशी प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवायचं. इंजिन पूर्ण गरम करायचं, म्हणजे हेडचं ॲल्युमिनियम पसरतं. मग टॉर्क पान्याने, ठरलेल्या मर्यादेत. १० मिलिमीटरच्या प्लगला काढताना साधारण ३५ न्यूटन मीटर ही वरची हद्द, ८ मिलिमीटरच्याला २० च. त्या हद्दीत सुटला नाही तर थांबायचं. थोडा घट्ट, थोडा सैल, पुन्हा तेल, पुन्हा गरम. यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. निघाल्यावर भोक रीमरने साफ करायचं, नाहीतर नवीन प्लगही तसाच अडकतो. बसवताना १० मिलिमीटरच्याला १५ च्या आसपास, ८ च्याला १० च्या वर नाही. वायरीच्या नटाला तर दोन-तीनच. अंदाजाने पिळणारा माणूस बसवतानाच प्लगचं आयुष्य कमी करतो.

निघालेल्या प्लगचं टोकही नीट बघायचं. नुसता जुना झालेला प्लग वेगळा दिसतो. टोक वितळलेलं, खाल्लेलं असेल तर तो इंजेक्टरचा निरोप आहे : फवारा नीट नाही, डिझेल गळतंय. प्लग फुगलेला किंवा तडकलेला असेल तर जास्त व्होल्टेज किंवा चालूच राहिलेला रिले. कारण न शोधता नवीन टाकले तर तेही जातील. वॉरंटीच्या दृष्टीने हे फार कामाचं आहे, कारण इंजेक्टर बऱ्याच योजनांत समाविष्ट असतो. जुने प्लग वर्कशॉपकडून परत मागून घ्या, टोकाचे फोटो काढा.

तुमच्या मल्टिजेटला त्रास नसेल तर उगाच काढू नका.


लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे थंडी जास्त, जुन्या डिझेल गाड्या भरपूर, त्यामुळे हा आजार घरोघरी. इथला अनुभव सांगतो, कायदा वेगळा असला तरी विचार करायची पद्धत उपयोगी पडेल.

मी सेकंडहँड गाडी डीलरकडून घेतली. सोबत एका तिसऱ्याच कंपनीची वॉरंटी होती. चार महिन्यांनी ग्लो प्लगचे कोड. वॉरंटीवाल्यांनी झीज म्हणून नाकारलं आणि डीलर म्हणाला, तुमचं त्यांच्याशी बघा. मी डीलरलाच धरून बसलो, कारण २०१५ च्या कंझ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करता येते, आणि सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विकतानाच होता असं धरलं जातं. नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. जास्तीची वॉरंटी या हक्काच्या वर मिळालेली असते, ती हक्क कमी करत नाही. जुन्या गाडीत झीज असणारच, ही त्यांची बाजू मी मान्य केली आणि शेवटी प्लगचा खर्च अर्धा-अर्धा झाला. पण एक प्लग त्यांच्या मेकॅनिककडून तुटला, तो काढायचा पूर्ण खर्च त्यांनी सोसला.

इथे आणखी एक दबाव असतो. मे २०१८ पासून इंजिनचा दिवा चालू असेल तर वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. डिझेलमध्ये जुलै २००८ नंतरच्या गाड्यांना हे लागू आहे. त्यामुळे दिवा कुणी अंगावर काढत नाही.


द्राक्षबाग

दिव्यावरून आठवलं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिझेल गाड्यांत हाच वेटोळ्याचा दिवा लुकलुकायला लागला तर तो ग्लो प्लगबद्दल नसतो, इंजिन मॅनेजमेंटच्या कुठल्याही दोषाबद्दल असतो. पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. माझ्या भावाच्या गाडीत दोष निघाला ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये! किरकोळ किमतीचा भाग. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांतला फरक वर्कशॉपला आवर्जून सांगा.

अवांतर : लडाखच्या सहलीत आमची गाडी सकाळी चालू होईना, सगळे हीटर प्लगच्या मागे लागले होते. तिथल्या ड्रायव्हरने सांगितलं, टाकीतलं डिझेलच घट्ट झालंय. खालून मैदानातून भरून आणलेलं होतं. तिथल्या थंडीसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलंय, ते तिथल्या पंपावर मिळतं. वर जाणाऱ्यांनी टाकी तिथेच भरावी.


खाडीपलीकडे

छान चाललाय धागा. वाचनखूण साठवली आहे. कृष्णाकाठ ताई, समजा लेखी मागूनही दाद दिली नाही, तर पुढे काय? एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढणं परवडतं का?


कृष्णाकाठ

परवडतं, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

पहिली पायरी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, डीलरला प्रत. एक्स्टेंडेड वॉरंटी नेमकी कुणाची आहे हे प्रमाणपत्रावर बघा. काही योजना गाडीची कंपनी स्वतः चालवते, काहींच्या मागे विमा कंपनी असते, काही निव्वळ तिसऱ्याच संस्थेच्या असतात. ज्याने पैसे घेतले, ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे आणि ज्याने काम नाकारलं, त्या सगळ्यांना पत्रात घ्या.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. त्यांच्याकडून आदेश निघत नाही, पण तक्रार थेट कंपनीच्या ठरलेल्या विभागाकडे जाते आणि किरकोळ रकमेची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

तिसरी जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. नवीन कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. ऑनलाइन दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. चर्चा चालू आहे म्हणून ती थांबत नाही. यंत्रातला दोष वादात असेल तर आयोग तो भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून काढलेला भाग जपून ठेवणं महत्त्वाचं. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. हे आधीच माहीत असू द्या.

आणि सगळ्यांसाठी एक : सर्व्हिस थोडी उशिरा झाली म्हणून सरसकट क्लेम नाकारतात. तिथे एकच प्रश्न विचारायचा. ऑइल बदलायला झालेल्या उशिरामुळे कंट्रोल युनिटमधला स्विच कसा जळला, ते लेखी सांगा.


निफाडकर

मंडळी, अपडेट देतो. उशीर झाला, द्राक्षाच्या छाटणीचा काळ होता.

ताईंनी सांगितलं तसा ईमेल पाठवला. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन, या आणि समोर तपासून घ्या. गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे लावली, म्हणजे सकाळी इंजिन थंड मिळेल. फ्लोअरवरचा फोरमन वयस्कर, शांत माणूस. त्याने इंजिनचं कव्हर काढलं, मी गॅरेजदादांचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंय, असंच करायचं असतं. आम्हाला वेळ देत नाहीत." मीटरच्या पिना एकमेकींना लावून आकडा बघितला, मग एकेक प्लग. चारही अर्ध्या ओहमच्या आसपास, फरक नगण्य. प्लग नंबर तीन अगदी इतरांसारखाच. मग स्कॅनरवरून प्लग चालू केले, क्लॅम्प मीटर एकेका वायरीवर. एक, दोन, चार या वायरींवर आकडा उसळी मारून हळूहळू खाली येताना स्पष्ट दिसला. तीनवर शून्य. वायर तपासली, ती सलग. कनेक्टर उपसून बघितला, पिना स्वच्छ.

फोरमनने जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहिलं : चारही प्लग ठीक, कंट्रोल युनिटकडून तीन नंबरला सप्लाय नाही. मी फोटो काढला, मॅनेजरची सही घेतली.

तरीही पहिलं उत्तर आलं ते नकाराचंच, "ग्लो प्लग सिस्टीम वगळलेली आहे" असं. मी पुस्तिकेच्या दोन्ही यादींचे फोटो जोडून विचारलं की सिस्टीम हा शब्द यादीत कुठे आहे ते दाखवा; तिथे फक्त प्लग लिहिलाय, आणि समोरच्या पानावर कंट्रोल युनिट समाविष्ट आहे. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही त्याच ईमेलमध्ये टाकला. त्यानंतर मंजुरी आली. युनिट वॉरंटीत बदललं, मजुरीसकट. मी काहीच भरलं नाही. प्लग जुनेच आहेत, कुणी त्यांना पाना लावलेला नाही. दिवे गेले, आज सकाळी कडाक्याच्या थंडीत गाडी पहिल्या सेल्फला उचलली आणि धूर नाही.

पहिल्या दिवशीच्या इस्टिमेटवर सही केली असती तर चार चांगले प्लग निघाले असते, एखादा तुटला असता आणि दिवा तसाच राहिला असता. गॅरेजदादा, कृष्णाकाठ ताई, तुमचे मनापासून आभार. त्या फोरमनचेही.


गॅरेजदादा

फार बरं वाटलं वाचून. असा फोरमन मिळाला की पुढच्या वेळी गाडी त्याच्याच हाती द्या.


पठारावरून

निफाडकरांचं अभिनंदन. माझंही जवळपास हेच दुखणं, पण उशिरा कळलंय. पाचगणीला असतो. बीएस६ डिझेल, ग्लो प्लगचा कोड सात-आठ महिन्यांपासून आहे. गाडी चालू होते म्हणून दुर्लक्ष झालं. आता डीपीएफचा (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलाय आणि वर्कशॉप म्हणतंय डीपीएफ चोक झालाय. दोन्हींचा संबंध असू शकतो का? आणि प्लग बदलायचे तर एकच बदलू की चारही?


गॅरेजदादा

संबंध असू शकतो. डीपीएफमधली काजळी जाळायला ईसीयू एक्झॉस्ट मुद्दाम तापवतो. बऱ्याच गाड्यांत ग्लो प्लगचा कोड उभा असेल तर ईसीयू ही सफाई सुरूच करत नाही. काजळी साठत जाते आणि शेवटी महागडा भाग अडतो. वर्कशॉपला सांगा, आधी ग्लो प्लगचा दोष काढा, कोड पुसा, मग स्कॅनरवरून सफाई करून बघा. डीपीएफ बदलायला लगेच हो म्हणू नका. आणि सफाई अर्धवट राहिलेल्या गाड्यांत इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतं, म्हणून डिपस्टिक बघा. पातळी वर गेली असेल, वास डिझेलचा येत असेल तर ऑइल आधी बदला.

क्लेमचं सांगायचं तर दिवा किती महिन्यांपासून आहे हे स्कॅनरमध्ये किलोमीटरसकट दिसतं, ते लपत नाही. मधल्या सर्व्हिसची जॉब कार्डं काढा. त्या वेळी वर्कशॉपने दिवा बघूनही काही लिहिलं नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

एक की चार : मीटरने जो गेलेला दिसेल तो बदलणं भागच आहे. गाडी लाखभर किलोमीटरच्या पुढे असेल आणि बाकीचे सहज सुटत असतील तर चारही एकाच कंपनीचे, त्याच व्होल्टेजचे बदला. गाडी कमी चाललेली असेल आणि बाकी तिघांचा आकडा एकसारखा असेल तर एकच बदला, उरलेल्यांना धक्का लावू नका. आणि पठारावरून, काम दुपारी सांगा, गाडी चालवत न्या, इंजिन गरम असतानाच पाना लागू दे.


पठारावरून

डिपस्टिक आत्ताच बघितली. पातळी खुणेच्या वर आहे आणि वासही येतोय. गाडी जागेवरच उभी ठेवली आहे. सकाळी वर्कशॉपची टोइंग मागवतो आणि मधल्या दोन सर्व्हिसची जॉब कार्डं शोधून ठेवतो. कोड आणि मीटरचे आकडे मिळाले की इथेच टाकतो.


कृष्णाकाठ

टोइंग मागवताना डिपस्टिकचा आणि किलोमीटरचा फोटो तारखेसकट काढून ठेवा, आणि गाडी का ओढून नेली ते जॉब कार्डवर लिहून घ्या.